लाल ठिपक्याचं ताट

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली आणि पंचनाम्यांनी दीपमाला खाल्ली. ती मारेगाव तालुक्यात कृषी सहायक होती. तलाठी, ग्रामसेवक आणि ती अशा तिघांची समिती गावोगाव हिंडायची. शेतात उभं राहून बोंडं फोडायची, अळी दिसली की फॉर्म भरायचा, तिघांनी सह्या ठोकायच्या आणि पुढच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जायचं. तिघांपैकी एक जरी नसला तरी कागद पुरा होत नसे. दिवाळीपासून हाच उद्योग चालला होता. बोंडं फोडून फोडून दीपमालाची नखं काळी पडली होती, आणि घरी पोचायला रोज साडेआठ वाजायचे, कधी नऊ.

घरी तिची वाट पाहत सगळे उपाशी बसलेले असत. हा तिच्या सासऱ्यांचा, बाबारावांचा नियम. जो घरात आहे तो पंगतीत आहे, आणि शेवटचं माणूस आल्याशिवाय पहिला घास नाही. बाबाराव पस्तीस वर्षं पोस्टमन होते, अर्धा तालुका त्यांनी सायकलवर पालथा घातला होता, पण हा नियम कुठून आला हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सासू सत्यभामाबाई मुकाट पाळायच्या. नवरा संघदीप एसटीत कंडक्टर. दर तिसऱ्या दिवशी त्याचा मुकुटबनला मुक्काम असे, तेवढा तो सुटायचा. चौथीतली यशोधरा मात्र वाट पाहता पाहता आजोबांबरोबर चिवडा, बिस्किटं, गुळाचा खडा असं काहीबाही चरत बसायची, आणि आजोबाही नातीला कंपनी म्हणून चरायचे.

त्या दिवाळीत बाबारावांनी नवी चप्पल घेतली. ती उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाला लागली. म्हाताऱ्यानं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पंधरा दिवसांनी चादरीला डाग दिसला तेव्हा सत्यभामाबाईंनी आरडाओरडा केला आणि वरात वणीच्या डॉक्टरांकडे गेली. साखर निघाली तीनशे चाळीस.

"तीन महिने बघू," डॉक्टर म्हणाले. "साखर उतरली तर जखम भरेल. नाही उतरली तर बोट काढावं लागेल. आणि मग ते बोटावरच थांबेल असं काही मी सांगू शकत नाही."

ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण. भात नावापुरता, साखर-गूळ बंद. आणि रात्रीचं जेवण साडेसातच्या आत. हे सांगताना डॉक्टरांनी पाहिलं दीपमालाकडे, कारण अशा गोष्टी शेवटी कुणाच्या गळ्यात पडतात हे सगळ्याच डॉक्टरांना ठाऊक असतं.

दीपमालाच्या वडिलांचा पाय यवतमाळला घोट्यापासून गेला होता. आधी एक बोट, मग पंजा. त्या वेळी ती कॉलेजात होती आणि तिला काहीच करता आलं नव्हतं. या वेळी आपण हे होऊ द्यायचं नाही, असं तिनं वणीहून येतानाच एसटीत ठरवलं.

दीपमालाला अडचण आली की ती फॉर्म काढते. तिनं मोठा कागद घेतला, रकाने आखले: वार, कोण किती वाजता घरी, काय शिजणार, कोण करणार. सोमवारी अंबाडी, मंगळवारी मेथी, बुधवारी ओल्या तुरीचे सोले-वांगे. भाज्या ती पहाटे निवडून ठेवणार, भाकरी सासूबाई थापणार. ज्वारी मिळवणं हेच मोठं काम होतं. शेजारच्या गावांत आता ज्वारी पेरतं कोण? सगळीकडे कपाशी आणि सोयाबीन, आणि उरलीसुरली ज्वारी रानडुकरं ठेवत नाहीत. तिनं राळेगावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून अर्धं पोतं मागवलं. कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला आणि मग कामावरून फोन करकरून ती घर चालवू लागली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

त्या कागदाच्या सगळ्यात वर तिनं लिहिलं होतं, 'बाबा, सात वाजता.' आपल्याला साडेआठच्या आत पोचणं जमणार नाही, तर निदान बाबांनी थांबू नये. बाजारातून तिनं त्यांच्यासाठी तीन खणांचं स्टीलचं ताट आणलं, म्हणजे भाजी किती, वरण किती, भात किती हे नजरेनंच मोजलं जाईल. दुसऱ्या कुणी ते घेऊ नये म्हणून ताटाच्या पाठीला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. आणि बाबांना खाली बसता येत नाही, म्हणून बाहेरच्या खोलीत दाराजवळ खुर्ची आणि स्टूल मांडलं. सगळं कसं चोख.

पहिल्या दिवशी सत्यभामाबाईंनी ते ताट हातात घेतलं, उलटं करून ठिपका पाहिला, मग सुनेकडे पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं होतं. पण सून शिकलेली, वर डॉक्टरचं नाव. त्यांनी ते ताट वाढायला घेतलं. बाबाराव तर काहीच बोलले नाहीत. रोज सातला दाराजवळ बसायचे, ताट रिकामं व्हायचं, आणि मग "संघदीपची गाडी आली का पाहून येतो" म्हणून काठी घेऊन हळूहळू बाहेर पडायचे. दीपमाला घरी आल्यावर विचारायची, "बाबा जेवले?" सत्यभामाबाई घासलेलं ताट दाखवायच्या.

महिन्यानं साखर मोजली. तीनशे बासष्ट!

दीपमालानं घर धुंडाळलं. गुळाचा डबा कुलपात होता. उशीखाली काही नव्हतं, जुन्या पोस्टाच्या पिशवीत काही नव्हतं. सासूबाईंवर संशय घेऊन झाला, यशोधराला खोदून विचारून झालं. शेजारच्या मानीबाईंची शेळी महिन्याभरात चांगली गुबगुबीत झाली होती, हे तिनं पाहिलं होतं. पण कृषी खात्यातल्या बाईच्या डोक्यात त्याचं कारण काही आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

चार दिवसांनी ग्रामसेवकाला ताप भरला. समितीतला एक पाय मोडला, तेव्हा पंचनामा बंद. दीपमाला महिन्यात पहिल्यांदाच सव्वासातला मारेगावच्या बस स्टँडवर उतरली. उतरताना सहज समोरच्या हॉटेलात नजर गेली. बाकावर, दोन ड्रायव्हरांच्या मध्ये, बाबाराव बसले होते. पुढ्यात प्लेट, प्लेटीत दोन आलूबोंडे, वर तर्री. एक पाय चपलेतून काढून त्यांनी दुसऱ्या पायावर ठेवला होता, आणि अगदी निवांत जेवत होते.

ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा."

बाबारावांनी हातातला घास खाली ठेवला. चोरी पकडलेल्या माणसासारखे ते घाबरले नाहीत, फक्त एकदम थकल्यासारखे दिसले. ड्रायव्हर समजूतदार होते, चहा घेऊन बाहेर सरकले.

"बस," बाबाराव म्हणाले. "चहा घेशीन?"

"मले चहा नाही पाहिजे. मी तिकडे दिवसभर जीव टाकून राह्यली, आई त्या चुलीपाशी भाकरी थापून राह्यल्या, अन् तुमी इथं येऊन हे खाता? घरची भाकर कुठं जाते मंग?"

"मानीबाईची शेळी खाते," बाबाराव खरं बोलले.

दीपमालाला हसू यावं की रडू हे कळेना. ती बाकावर बसली. "भाकर आवडत नाही, तं तसं सांगाचं होतं. काही दुसरं केलं असतं."

"भाकरीनं माझं काय वाकडं केलं? भाकरीवरच तं मोठा झालो मी."

"मंग काहून?"

बाबारावांनी काउंटरवरच्या प्लेटींच्या चळतीकडे बोट केलं. "थ्या प्लेटी पाय. इथं ड्रायव्हर येते, मास्तर येते, पाटील येते, मी येतो. हातात येईन थे प्लेट. कोनाची कोनती, कोनालेच मालूम नाही."

तिला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते, आलूबोंडा गार होत असताना, हळू आवाजात सांगितलं.

नोकरीला लागले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्यांच्या वाटेवर एक मोठं घर होतं. गावाचं नाव सांगत नाही, म्हणाले, आता चांगली माणसं राहतात तिथं. दगडी ओटा, समोर कवठाचं झाड. झाडाखाली सायकल लावायची आणि ओट्याच्या खालून हाक मारायची. त्या घरची माणसं वाईट नव्हती. तहान लागली का विचारायची, चहा द्यायची. दाराच्या डाव्या हाताला, बाहेरच्या भिंतीत, एक कोनाडा होता. त्या कोनाड्यात एक कप पालथा घातलेला असायचा. कान तुटलेला कप, पोस्टमनचा. त्यात वरून चहा ओतायचे.

"एक डाव त्यायच्या पोराची नोकरीची चिठ्ठी मीच नेऊन देली. समदं घर नाचून राह्यलं होतं. साखर जास्त घालून चहा केला माझ्यासाठी. अन् त्याच कपात देला. मी पेलो, बापा. गोड लागला. पेऊन झाल्यावर मीच धुतला, अन् कोनाड्यात पालथा घातला. रोज तसंच कराचं." बाबारावांनी प्लेट बाजूला सरकवली. "त्या दिवशी घरी येऊन मी तुझ्या सासूले म्हटलं, आपल्या घरात कोनाचं भांडं वेगळं राहीन नाही. कोनी आधी नाही, कोनी मांगून नाही, कोनी दाराशी नाही."

दीपमालाच्या डोळ्यांसमोर ते ताट आलं. वेगळं ताट, खूण केलेलं, दाराजवळ, सगळ्यांच्या आधी. एकही रकाना तिनं चुकवला नव्हता. तिला इतकी लाज वाटली की तोंड कुठं लपवावं कळेना.

"तुमी पहिल्याच दिवशी बोलाचं होतं, बाबा."

"काय बोलू? तुले त्या कपाचं सांगा लागलं असतं. संघदीपले बी मी कधी सांगतलं नाही." ते तिच्याकडे पाहून हसले, खरंखुरं हसले. "तू ताटाले ठिपका मारला अन् तुझ्या मनात काहीच आलं नाही. मले राग आला, बेटा. घास उतरे नाही. पन रागापरीस जास्त बरं वाटलं. म्हटलं, या पोरीले मालूमच नाही हे. आपल्या लोकायनं येवढं केलं थे याच्यासाठीच तं केलं. मंग मी कायले त्या कपाले माझ्या घरात आनू?"

दीपमाला रडली. स्टँडवर, भर संध्याकाळी, ओळखीच्या चार माणसांदेखत रडली. बाबाराव तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले, आणि हॉटेलवाल्यानं न मागता पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले.

"पन बोट जाईन ना बाबा," थोड्या वेळानं ती म्हणाली. "माझ्या बाबाचं असंच गेलतं."

"थे बी खरं हाय," बाबाराव म्हणाले.

घरी जाऊन दीपमालानं पहिल्यांदा ठिपका खरवडून काढला. ताट फेकून द्यायला निघाली तेव्हा बाबारावांनी अडवलं, "ताटाचा काय दोष?" ते बाकीच्या ताटांच्या चळतीत गेलं, ज्याच्या हाताला येईल त्याचं. यशोधराला ते आवडलं, वरण भाजीत घुसत नाही म्हणून. मग तिनं भिंतीवरचा कागद काढला आणि दुसरा आखला. त्यात आता रकाने दोनच, वार आणि भाजी. वर लिहिलं, 'सगळे, साडेसात.'

लिहिणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं तलाठी अवधूतरावांना गाठलं आणि म्हटलं, ग्रामसेवक बरा झाला की पंचनामा सकाळी सातला सुरू करू, म्हणजे संध्याकाळी सुटका लवकर. अवधूतरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मॅडम, साडेसातला तर माझी आंघोळ असते!" त्यांनी बरीच कुरकुर केली. पण शेतकरीही सकाळीच शेतावर सापडतात हे लक्षात आल्यावर त्यांची आंघोळ आपोआप सहाला सरकली. दीपमाला आठवड्यातून चार दिवस सव्वासातच्या आत घरी पोचू लागली. बाबारावांची खुर्ची आत आली. त्यांना खाली बसता येत नव्हतं तर सगळ्यांनीच खाटेवर, स्टुलावर, डब्यावर बसायचं ठरलं. भाकरी सगळ्यांना, भात सगळ्यांना नावापुरता. संघदीपनं चार दिवस तोंड वाकडं केलं, मग त्याचं स्वतःचंच पोट कंडक्टरच्या पट्ट्याच्या आत गेलं आणि तो गप्प झाला. दीपमालानं थापलेली भाकरी अजून तालुक्याच्या नकाशासारखी व्हायची. तीही सगळे वाटून खायचे.

उरले ते तीन दिवस, आणि संघदीपचा मुक्काम. त्यावर तोडगा बाबारावांनीच काढला. जो बाहेर आहे त्यानं संध्याकाळचीही भाकरी डब्यात न्यायची आणि साडेसातला जिथं असेल तिथं बसायचं. बसला की घरी एक मिस कॉल. फोन उचलायचा नाही, पैसे घालवायचे नाहीत. वाजला की समजायचं, आला पंगतीत. मग घरी पहिला घास. मुकुटबनहून संघदीपचा मिस कॉल असा वेळेवर यायचा की त्याची एसटी तितकी वेळेवर कधी आली नसेल.

दुसऱ्या महिन्यात साखर दोनशे दहा. जखम कडेनं भरत होती, पण मधे अजून ओली होती. डॉक्टर म्हणाले, "आणखी एक महिना. मग ठरवू."

फेब्रुवारीत गारपीट झाली. बोंडअळीचे कागद संपले नाहीत तोच हरभऱ्या-गव्हाचे सुरू झाले. तिसऱ्या तपासणीच्या दिवशी बाबारावांना वणीला संघदीप घेऊन गेला, कारण दीपमालाला नाल्यापलीकडच्या गावात जावंच लागलं. दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि गावात मोबाइलला रेंज नव्हती. अंधार पडला तरी तीन शेतं बाकीच राहिली, आणि झालेल्या शेतांचे कागद पुरे करता करता साडेसात वाजले. ज्यांचं शेवटचं शेत पाहिलं त्या शुभदाबाई म्हणाल्या, "मॅडम, आमच्या ओट्यावर रेंज येते. तिथंच बसा, जेवून घ्या." अवधूतराव आणि ग्रामसेवक सरपंचाकडे चहाला गेले.

ओट्यावर दीपमालानं डबा काढला. शुभदाबाई आतून दोन ताटं घेऊन आल्या. "डब्यात काहून खाता? माझ्यासंगं बसा. वांग्याची भाजी हाय." एक रिकामं ताट त्यांनी तिच्या हातात दिलं आणि भाजी आणायला आत गेल्या.

आज दीपमालानं मिस कॉल दिला नाही, सरळ फोन लावला.

"बाबा! डॉक्टर काय म्हनाले?"

"बोट राह्यलं," तिकडून बाबाराव म्हणाले. "नख जाईन म्हने. जाऊ दे, येते परत. आमी समदे बसलो, तुझाच मिस कॉल नाही. कुठं हायेस तू?"

तिनं डोळे पुसले, एकदा मोठ्यानं हसली. "बसली बाबा, मी बी बसली. नाल्यापलीकडच्या गावात हाव. शुभदाबाई म्हनून हायेत, त्यायच्या दगडी ओट्यावर."

तिकडे बाबारावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"समोर कवठाचं झाड हाय?"

तिनं मान वर केली. अंधारात झाड उभं होतं. "हाय," ती म्हणाली, आणि तिला एकदम सगळं कळलं.

"दाराच्या डाव्या हाताले पाय."

कोनाडा होता. चुना मारलेला, तिच्या खांद्याच्या उंचीवर. "हाय बाबा. त्यात टॉर्च चार्जिंगले लावला हाय."

"अन् ताट? ताट कोनतं देलं तुले?"

दीपमालानं हातातलं ताट उलटं केलं आणि ओट्यावरच्या दिव्याखाली धरलं. पाठीवर बारीक ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती. तिनं वाचून दाखवलं, "चि. सौ. कां. शुभदा हीस मामाकडून."

"लग्नातलं हाय थे," भाजीचं भांडं घेऊन आलेल्या शुभदाबाई हसून म्हणाल्या. "वीस वर्षं झाले, अजून पोचा नाही पडला." त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"जेव मंग," बाबाराव म्हणाले. "आमी बी जेवतो. अन् एक कर, बेटा. जेवन झालं का ताट धुऊ नको. तसंच ठेव. काय होते थे पाय, अन् त्यायनं उचललं तं मले मिस कॉल दे."

त्या जेवल्या. भाकरी दोघींनी वाटून घेतली, भाजी झणझणीत होती, गप्पा गारपिटीच्या झाल्या. दुसऱ्याच्या घरी उष्टं ताट तसंच टाकून उठणं दीपमालाच्या रक्तात नव्हतं. हात आपसूक ताटाकडे जात होते. तिनं ते मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि बसून राहिली.

शुभदाबाईंनी बोलता बोलता तिचं ताट उचललं, आपल्या ताटावर ठेवलं आणि दोन्ही घेऊन त्या आत गेल्या. आतून भांडी घासल्याचा आवाज आला.

आठ वाजून गेले होते. दीपमालानं घरी मिस कॉल दिला. एकदाच वाजू दिला आणि बंद केला.